एमटीबीची स्ट्रीट सायकल करताय? मग पेग सगळ्यात शेवटी लावा

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सोसायटीतली दोन आणि मागच्या चाळीतला एक अशी तीन पोरं आपापल्या सायकली घेऊन माझ्याकडे आली. तिन्ही गिअरच्या एमटीबी (माउंटन बाइक), तिन्हींना चकचकीत पेग, म्हणजे एक्सलला बाहेरून लावायच्या पाय ठेवायच्या नळ्या, उंच हँडल, एकीला तर पुढचा मागचा कुठलाच ब्रेक नाही, आणि तिन्हींचा मागचा एक्सल वाकलेला. एकाचा इतका की चाक फिरवलं की फ्रीव्हील, म्हणजे मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच, झोकांडी खात होतं. पोरं चांगली चालवतात, बनीहॉप, म्हणजे सायकलसकट उडी, स्वच्छ मारतात, त्यांच्यात काही कमी नाही, फक्त काम उलट्या क्रमाने झालंय. जे दिसतं ते आधी बदललं आणि जे भार घेतं त्याला हातच लावला नाही.

म्हणून साधी एमटीबी स्ट्रीटसाठी, म्हणजे फूटपाथच्या कडा (कर्ब), पायऱ्या, कठडे यांवर ट्रिक मारायला, कशी तयार करायची हे सगळं सविस्तर लिहितोय. आपल्याकडे सर्रास मिळते ती २६ इंची, मागे ६-७ गिअरचं फ्रीव्हील असलेली साधी एमटीबी धरून चाललोय. तुमची २७.५ किंवा २९ असेल तरी क्रम हाच, पण मोठं चाक हातात फिरवायला जड जातं आणि स्ट्रीटला २६ च बरी पडते असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी हे ठरवा: ही सायकल त्या लायकीची आहे का

मध्ये स्प्रिंग असलेली, म्हणजे डबल सस्पेन्शनवाली स्वस्त सायकल असेल तर इथेच थांबा. तिच्या मधल्या जोडात प्ले, म्हणजे ढिलाई, असतोच, हॉप मारताना सगळा जोर ती स्प्रिंग खाते, आणि उतरताना तो जोड आधी जातो. तिच्यावर पैसे घालू नका.

फ्रेम स्टीलची की ॲल्युमिनियमची ते लोहचुंबक लावून बघा. स्टील जड असतं, पण मोडायच्या आधी सहसा वाकतं, म्हणजे तुम्हाला सूचना मिळते. ॲल्युमिनियमला आधी बारीक चीर पडते आणि ती वेळेत दिसली नाही तर एक दिवस एकदम तुटतं. शिकायला आणि आपटायला मला स्टील आवडतं. फ्रेम लहान हवी, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून उभं राहिलं की वरची नळी आणि तुमच्यात मोकळी वीतभर तरी जागा पाहिजे.

मग ओल्या फडक्याने फ्रेम पुसून चार जागा उजेडात बघा: हँडलखालची उभी नळी आणि खालची तिरकी नळी जुळते तिथे, सीटच्या क्लॅम्पजवळची खाच, बीबीच्या, म्हणजे पेडलचे दांडे (क्रँक) ज्यावर फिरतात त्या जोडाच्या, आजूबाजूचं वेल्डिंग, आणि मागचा एक्सल बसतो त्या खाचा म्हणजे ड्रॉपआउट. रंगावर केसासारखी रेघ दिसली तर नखाने खरवडा. रंग गेला आणि रेघ राहिली तर ती चीर आहे. अशा फ्रेमवर वेल्डिंग मारून स्ट्रीट करू नका, रोज शाळा-कॉलेजला जायलाही वापरू नका.

ड्रॉपआउट कसे आहेत तेही आत्ताच बघून घ्या, पुढे लागणार आहे. खाच आडवी किंवा तिरकी असेल तर चाक मागे ओढून चेन ताणता येते. खाच सरळ खाली उघडत असेल तर येत नाही, मग चेन ताणून धरणारा टेन्शनर लागतो.

टप्पा १: सगळं उघडा आणि मापं वहीत लिहा

पार्ट मागवायच्या आधी सायकल पूर्ण खोलायची. बहुतेक पैसे इथेच वाया जातात, फोटो बघून पार्ट मागवला, आला, आणि बसलाच नाही.

हत्यारं फार लागत नाहीत. एल-कीचा सेट, १५ आणि १७ चा पाना, पातळ कोन पाना (कोन म्हणजे एक्सलवरचा छर्रे धरणारा नट), क्रँक पुलर, तुमच्या फ्रीव्हीलच्या खाचांना बसणारा फ्रीव्हील रिमूव्हर, चेन कटर, स्पोक पाना, व्हर्नियर आणि ग्रीसचा डबा. क्रँक हातोडीने ठोकून काढू नका, बीबीच्या एक्सलचं चौकोनी टोक ठेचलं जातं आणि नंतर कुठलाच क्रँक त्यावर नीट घट्ट बसत नाही.

वहीत हे उतरवून घ्या. मागच्या ड्रॉपआउटमधलं आतलं अंतर (बहुतेक १३५ मिमी). मागचा एक्सल भरीव की पोकळ, ३/८ इंच की १० मिमी. हे दोन्ही नुसते बघून सारखेच वाटतात पण आटे वेगळे आहेत, एकाचा कोन दुसऱ्यावर जबरदस्तीने फिरवला की दोन्हीचे आटे जातात. पुढचा एक्सल किती जाड. बीबीच्या कवचाची रुंदी (६८ किंवा ७३ मिमी). फोर्कची (पुढच्या चिमट्याची) नळी वर आटे असलेली आहे की बिनआट्याची, आणि तिची जाडी, २५.४ की २८.६ मिमी. हँडल जिथे स्टेममध्ये (हँडल फोर्कला जोडणाऱ्या तुकड्यात) धरतं तिथली जाडी, २५.४ की ३१.८. सीटपोस्टची जाडी. पेडलचे आटे, तीन तुकड्यांच्या क्रँकला ९/१६ इंच, एकसंध वाकवलेल्या क्रँकला १/२ इंच.

सावधान: डावं पेडल उलट्या आट्यांचं असतं, आणि साध्या बीबीची उजवी, म्हणजे चेनकडची वाटीही उलट्या आट्यांची. ताकद लावायच्या आधी हे दोनदा आठवा.

टप्पा २: मागचं चाक, बजेटचा मोठा वाटा इथे

पोरांचे एक्सल का वाकले ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. ७ गिअरच्या फ्रीव्हीलवाल्या हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) उजवीकडचे छर्रे फ्रीव्हीलच्या आतल्या बाजूला, हबच्या पोटात असतात. तिथपासून उजव्या ड्रॉपआउटपर्यंत एक्सलला मध्ये कुठलाच आधार नाही, एक्सल नुसता लोंबकळतोय म्हणा ना. तुम्ही हॉप मारून मागच्या चाकावर आपटलात की सगळा भार त्या बिनआधाराच्या तुकड्यावर येतो. त्यात बाहेरून पेग लावला आणि त्यावर उभे राहिलात तर आणखी लांब तरफ झाली. वाकणारच.

उपाय असा की सहा चकत्या काढून एकच ठेवायची आणि हब उजवीकडे सरकवायचा, म्हणजे तो बिनआधाराचा तुकडा आखूड होतो. याचा दुसरा फायदा त्याहून मोठा. गिअरसाठी रिम हबच्या उजवीकडे सरकवलेली असते त्यामुळे उजवे स्पोक कडक आणि डावे ढिले असतात, हब सरकवल्यावर दोन्हीकडचा ताण जवळजवळ सारखा होतो आणि तेच चाक कितीतरी मजबूत होतं.

आता काम.

आधी फ्रीव्हील काढा. रिमूव्हर व्हाइसमध्ये घट्ट धरा, चाक त्यावर बसवा आणि स्टिअरिंगसारखं डावीकडे फिरवा. रिम बदलणार असाल तरी हे काम स्पोक काढायच्या आधी करायचं. एकदा स्पोक कापले की नुसता हब धरून फ्रीव्हील सुटता सुटत नाही, हे मी स्वतः एका हबवर शिकलोय आणि तो हब भंगारात गेला.

एक्सल पोकळ असेल, म्हणजे क्विक रिलीजवाला (नटऐवजी खटक्याने आवळायचा), तर बदलून त्याच आट्यांचा भरीव एक्सल घाला. पेग लावायचे असतील तर लांबीचा हिशोब आत्ताच करा: ड्रॉपआउटची जाडी साधारण ६ मिमी, पेगचा तळ ८ मिमी, नट ८ ते १० मिमी, म्हणजे प्रत्येक बाजूला लॉकनटच्या (कोन जागेवर धरणाऱ्या नटच्या) बाहेर २२ ते २४ मिमी एक्सल पाहिजे. १३५ च्या हबला एकूण १८० ते १८५ मिमी झाले. नेहमीचा नटवाला एक्सल १७५ च्या आसपास असतो आणि पेगसोबत नटला पुरेसे आटे मिळत नाहीत. पेग शेवटी लावायचे असले तरी एक्सल इथेच घ्यायचा, नाहीतर पुन्हा हब खोलावा लागेल.

मग हब साफ करा, छर्रे नवीन घाला (साध्या मागच्या हबला १/४ इंचाचे एका बाजूला ९), ग्रीस भरपूर लावा. उजवीकडचा स्पेसर काढून डावीकडे टाका, एकूण १३५ तेवढंच राहिलं पाहिजे. किती सरकवायचं ते एकेरी फ्रीव्हील चढवून, चाक फ्रेममध्ये ठेवून ठरवा, चेन फ्रेमला घासता कामा नये, ३-४ मिमी फट ठेवा. नेमका जाडीचा स्पेसर मिळाला नाही तर लेथवाल्याकडून स्टीलची कडी करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. तीन वायसर एकावर एक रचून भागवू नका, ते दबतात आणि कोन ढिला होतो.

आता रिम पुन्हा मध्यावर आणायची. हब उजवीकडे गेला तशी रिमही उजवीकडे गेलीय, म्हणून उजव्या बाजूचे सगळे निपल (स्पोकच्या रिमकडच्या टोकाचे नट) अर्धा फेरा ढिले, डाव्या बाजूचे अर्धा फेरा घट्ट, पूर्ण गोल फिरून झालं की परत पहिल्यापासून. एकाच स्पोकवर चार फेरे मारू नका. रिम मध्यावर आली का हे बघायला महागडं माप लागत नाही, फ्रेमला एक केबल टाय बांधून टोक रिमला जेमतेम टेकेल असं कापा, मग चाक काढून उलटं बसवा, उजवी बाजू डावीकडे. टोक तितकंच टेकलं तर रिम मध्यावर आहे. त्याच टायने आउटही, म्हणजे रिमचं वाकडं फिरणं, काढून घ्या.

तपासा: डाव्या स्पोकची टोकं निपलमधून वर येऊन ट्यूबला टोचतायत का. आली असतील तर कानशीने घासा आणि रिम टेप नवीन लावा. उजवे स्पोक निपलमध्ये पुरेसे आत आहेत का तेही बघा, निपलच्या डोक्यापर्यंत स्पोक आलाच पाहिजे, नाहीतर निपल मानेतून तुटतं.

सावधान: मागे डिस्क ब्रेक असेल तर हब सरकवू नका, रोटर (ब्रेकची चकती) कॅलिपरच्या (तिला चिमटणाऱ्या भागाच्या) बाहेर जातो. तिथे गिअरच्या जागी स्पेसर आणि एक चकती एवढंच करा किंवा सरळ सिंगल-स्पीडचं चाक घ्या.

रिम एकेरी भिंतीची असेल, म्हणजे आत बघितल्यावर निपलचं डोकं थेट ट्यूबच्या जागेत दिसत असेल, तर डबल वॉल रिम घ्या, ३६ भोकांची. ३२ चालते, पण ३६ चा हब तुमच्याकडे आहेच तर कमी कशाला करायचं. टायर २.१ ते २.३ इंच, फार खोल गोट्यांचा नको, सिमेंटवर तो डुलतो. हवा ४० ते ५० पीएसआयपासून सुरू करा, वजन जास्त असेल तर वाढवा, पण टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्याच्या वर जायचं नाही.

टप्पा ३: चेन, क्रँक आणि एकच गिअर

पुढचे ३२ दाते आणि मागचे १६, म्हणजे दोनास एक, हे २६ इंची चाकाला स्ट्रीटसाठी बरोबर बसतं. दोन-तीन पेडलात वेग येतो आणि व्हीलीलाही (पुढचं चाक उचलून चालवायला) हलकं पडतं. स्वस्त क्रँकवर तीन चेनव्हील (पुढच्या दातेरी चकत्या) रिव्हेट मारून बसवलेली असतात. ग्राइंडरने रिव्हेट उडवून मधलं ३४ चं ठेवता येईल का असं बरेच जण विचारतात. उडवता येतं, पण मग ते चेनव्हील कशावर धरणार? बोल्टसाठी भोकं पाडून बसवलेलं मी पाहिलंय, महिन्याभरात वाकडं फिरायला लागलं. बोल्टवालं एकच चेनव्हील लागणारा साधा चौकोनी टोकाचा क्रँक घ्या, १७० मिमीचा.

चेनची जाडी बघून घ्या. एकेरी फ्रीव्हील १/८ इंची दात्यांचं असेल तर गिअरची पातळ चेन त्यावर बसणार नाही. उलट, जाड १/८ ची चेन पातळ दात्यांवर चालते. शंका असेल तर १/८ ची चेन घ्या आणि पुढे जा.

मग चेनची रेषा. मागून एक डोळा मिटून बघा, किंवा लांब पट्टी चेनव्हीलला टेकवून मागे न्या, पट्टी फ्रीव्हीलच्या दात्यांवर यायला पाहिजे, फरक दोन मिमीच्या आत. जास्त असेल तर क्रँकची बाजू बीबीच्या एक्सलच्या लांबीने आणि मागची बाजू स्पेसरने जुळवा. रेषा चुकली की चेन नेमकी बनीहॉप ओढताना पडते, पाय रिकामा खाली जातो आणि गुडघा थेट स्टेमवर.

आडवी खाच असेल तर चाक मागे ओढून चेन ताणा, मधोमध दाबल्यावर साधारण एक सेंमी हलली पाहिजे. चाक पुढे सरकू नये म्हणून चेन टग लावा, म्हणजे एक्सलवर एक पट्टी आणि तिला मागून ओढणारा बोल्ट. हा पार्ट ५ मिमीच्या पत्र्यातून कुठलाही फॅब्रिकेशनवाला करून देतो आणि फार उपयोगाचा आहे.

सरळ खाच असेल तर टेन्शनर. चेन वर ढकलणारा घ्या, त्याने फ्रीव्हीलला जास्त दाते पकडतात. जुनं डिरेलर (गिअर बदलणारा भाग) टेन्शनर म्हणून ठेवायची युक्ती सगळे सांगतात, रस्त्यावर ठीक आहे, पण हॉपमध्ये त्याची स्प्रिंग उसळते आणि चेन सुटते. आठवडाभर काम भागवायला वापरा, कायम नको.

क्रँकचे बोल्ट घट्ट करताना आवळायचा जोर (टॉर्क) ३५ ते ४० न्यूटन मीटर हवा. टॉर्क पाना नसेल तर असं धरा की २० सेंमी लांब पान्याच्या टोकाला वीसेक किलोचा जोर. पेडल आणि मागचे एक्सल नट यांनाही साधारण एवढाच. पेडलच्या आट्यांना ग्रीस लावायचं विसरू नका, आणि प्लास्टिकची पोकळ पेडलं फेकून द्या, ती आडवी मोडतात आणि टोक पोटरीत जातं.

टप्पा ४: फोर्क

स्वस्त स्प्रिंगचा फोर्क हॉप मारताना आधी दबतो, तुमचा अर्धा जोर तिथेच जातो. साधा कडक फोर्क बसवला की सायकल एकदम हातात येते. पण इथे एक चूक हमखास होते, लोक गल्लीतल्या जुन्या सायकलचा आखूड फोर्क काढून लावतात.

जुन्या फोर्कची लांबी मोजा, एक्सलच्या मध्यापासून हेडसेटची (फोर्क ज्यावर फिरतो त्या छर्ऱ्यांच्या वाट्यांची) खालची कडी बसते तिथपर्यंत, वर बसून स्प्रिंग जेवढी दबते तेवढं वजा करा. नवीन फोर्क त्याच्या २० मिमीच्या आत हवा. साधारण दर २० मिमीला हँडलचा कोन एका अंशाने उभा होतो, आणि बीबीही खाली येतो. ५० मिमी आखूड फोर्क लावला तर सायकल पुढे नाक खुपसते, कर्बवरून उतरताना ते फार वाईट. फ्रेम मोडण्याचा धोका उलट बाजूने, फोर्क फार लांब घेतला तर खालच्या नळीच्या जोडावर ताण वाढतो.

बिनआट्याच्या फोर्कची नळी कापायच्या आधी स्टेम आणि सगळे स्पेसर बसवून खूण करा, खुणेच्या ३ मिमी खाली कापा, आणि पहिल्यांदा मुद्दाम एक स्पेसर जास्त ठेवून कापा. कमी केलेलं वाढवता येत नाही. आता क्रम नीट पाळा: स्टेमचे बाजूचे बोल्ट ढिले, वरचा टोपीचा बोल्ट हळूहळू आवळत प्ले घालवा, हँडल मोकळं फिरतंय ना बघा, आणि मगच बाजूचे बोल्ट घट्ट. वरचा बोल्ट हँडल धरून ठेवत नाही, तो फक्त प्ले काढतो. हे न कळल्याने वरचाच बोल्ट जीव खाऊन आवळला जातो, हेडसेटचे छर्रे वाटीत खड्डे पाडतात आणि हँडल मधोमध अडकायला लागतं.

तपासा: पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा, बोट हेडसेटच्या फटीवर. टकटक जाणवली तर प्ले आहे.

टप्पा ५: हँडल, स्टेम, सीट

स्टेम आखूड, ३५ ते ५० मिमी. हँडल ७०० ते ७४० मिमी रुंद आणि दोन-तीन इंच उचललेलं. बीएमएक्सचं (छोट्या चाकांच्या ट्रिक सायकलचं) उंच हँडल लावायचा मोह होतो, पण त्याची धरायची जागा २२.२ मिमीची असते आणि एमटीबी स्टेम २५.४ किंवा ३१.८ चं. मध्ये पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवलेलं हँडल उतरताना पुढे फिरतं आणि दात जातात. लावायचंच असेल तर २२.२ चं स्टेम घ्या.

स्टेमच्या पुढच्या पट्टीचे चार बोल्ट एकेक करून तिरपे-तिरपे आवळा, ५ ते ६ न्यूटन मीटर, म्हणजे १० सेंमीच्या एल-कीला पाच-सहा किलोचा जोर, बास. वरची आणि खालची फट सारखी दिसली पाहिजे. आटेवाल्या जुन्या स्टेमला जी किमान आत घालायची रेघ असते तिच्यावर उंची नेऊ नका.

हँडलच्या दोन्ही टोकांना बुच हवंच. उघडी नळी पोटात किंवा मांडीत गोल कापत जाते. बुच हरवलं तर त्या दिवशी चालवू नका, इतकं साधं आहे.

सीट पूर्ण खाली, नाक किंचित वर. पोस्ट आत जात नसेल तर ती खालून कापायची. कापल्यावर किमान आत ठेवायची खूण कापली जाते किंवा चुकीच्या जागी येते, म्हणून कमीतकमी १० सेंमी आत राहील अशी स्वतःची खूण पंचने मारून ठेवा.

टप्पा ६: ब्रेक

हँडल आणि फोर्क पक्का झाल्यावरच केबल कापायची, म्हणून हा टप्पा इथे आहे. मागचा ब्रेक कायम ठेवायचा. व्हीलीत सायकल मागे जायला लागली की मागच्या ब्रेकला एक बोट लावलं की पुढचं चाक खाली येतं, तोच तुमचा दोर आहे. बिनब्रेकची सायकल दिसायला भारी वाटते, पण उतारावर, माणसांत, पावसात ती तुमच्यापुरती राहत नाही.

पुढचा ब्रेक स्टॉपीला (पुढच्या चाकावर थांबून मागचं उचलायला) लागतोच. बारस्पिन (हँडल गरकन पूर्ण फिरवणं) शिकायचे असतील तेव्हा तो काढा, त्याआधी नाही. मागची केबल इतकी लांब ठेवा की हँडल एक पूर्ण फेरा फिरेल, स्टेमच्या पुढून एक सैल वेढा देऊन. दोन्ही बाजूंना फिरवून बघा, ब्रेक स्वतःहून दाबला जात नाही ना.

टप्पा ७: आता पेग

पुढचा एक्सल ५/१६ इंचाचा, म्हणजे जेमतेम ८ मिमी असेल तर पुढे पेग लावायचा नाही. क्विक रिलीजवर तर कुठेच नाही. मागे ३/८ किंवा १० मिमीच्या भरीव एक्सलवर उभं राहायला, स्टॉल करायला (कठड्यावर पेग टेकवून थांबायला) पेग चालतो. कठड्यावर रोज जोरात घसरायचं असेल तर बीएमएक्सला असतो तसा १४ मिमीचा एक्सल लागतो, आणि त्यासाठी हब आणि खाचा दोन्ही त्या मापाच्या पाहिजेत. कानशीने खाच मोठी करून १४ चा एक्सल घुसवू नका, खाचेच्या दोन्ही पायांत धातूच उरत नाही.

पेग बाजारात मिळतात, पण आमच्याकडे भोसरी एमआयडीसीत लेथवाले गल्लोगल्ली आहेत, तुमच्याकडेही जवळ कोणीतरी असेल, करून घेतलेला पेग नेमका बसतो. टर्नरला तोंडी सांगू नका, कागदावर काढून द्या. ईएन ८ स्टीलचा ४० मिमीचा बार, बाहेरून ३८ मिमी, एकूण लांबी १०० मिमी, आतून ३० मिमी पोकळ, तळाला ८ मिमी जाड भिंत आणि तिच्या बरोब्बर मध्ये एक्सलच्या मापाचं भोक. बाहेरून नर्लिंग (खरखरीत जाळी) करून घ्या, त्याने बूट घसरत नाही. बाहेरच्या तोंडाची कड गोल करून घ्या. असा एक पेग पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास भरतो. तुमचं सॉकेट त्या ३० मिमीत आत जातंय का हे लेथवर असतानाच घालून बघा, घरी आल्यावर कळून उपयोग नाही.

कडप्प्यावर, ग्रॅनाइटवर घसरायचं असेल तर वर डेल्रिनची (कडक प्लास्टिकची) किंवा नायलॉनची बाही चढवा, आवाज कमी, कठडाही खराब होत नाही. त्या वेळी स्टीलचं बाहेरचं माप तेवढं कमी धरा आणि आतली पोकळीही तेवढीच कमी करा, भिंत ४ मिमीच्या खाली नको.

बसवताना आधी फ्रेम, मग पेग, मग दातेरी वायसर, मग नट. नटच्या बाहेर एक्सलचे किमान दोन आटे दिसले पाहिजेत. सुरुवातीला एकच पेग, मागे, तुम्ही ज्या बाजूला वळता त्या बाजूला. चार पेग म्हणजे दीड किलो वजन आणि तुम्ही अजून हॉप शिकताय.

सावधान: पेग फ्रेमला वेल्ड करून देतो असं कोणी म्हणालं तर सायकल उचला आणि निघा. पातळ स्टीलची नळी तिथे जळून ठिसूळ होते, आणि सायकलच्या ॲल्युमिनियमला भट्टीत दिलेली कडकी वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागी निघून जाते. वरून वेल्ड छान दिसतं.

टप्पा ८: पहिला आठवडा

पहिल्या दिवशी ट्रिक नाही. सायकल गुडघ्याइतकी उचलून सोडा, दहा वेळा, आणि कान देऊन ऐका. खडखड आली तर ती कुठून येते ते सापडेपर्यंत पुढे जायचं नाही. मग सपाट जागेवर वीस मिनिटं फिरवा, पेडलवर उभं राहून डावी-उजवीकडे झुका, जोरात ब्रेक लावा. नंतर एका कर्बवरून सरळ उतरा, पाच-सहा वेळा.

आता घरी येऊन क्रँकचे बोल्ट पुन्हा आवळा. नवीन क्रँक पहिल्या एक-दोन तासांत चौकोनी टोकावर आणखी थोडा सरकतो आणि बोल्ट ढिला पडतो. तसाच चालवला तर क्रँकचं चौकोनी भोक गोल होतं, आणि त्याला दुरुस्ती नाही, नवीनच घ्यावा लागतो. एक्सल नट, स्टेम, पेडल, सगळं एकदा. स्पोकही जोड्याजोड्याने दाबून बघा, एखादा ढिला पडला असेल तर चौथाई फेरा.

चौथ्या-पाचव्या दिवशी मागचं चाक फ्रेममधून काढा आणि एक्सलचं टोक बोटांनी हळूच फिरवा. टोक सरळ जागेवर फिरलं तर उत्तम. गोल झोकांडी खाल्ली तर एक्सल वाकलाय, म्हणजे एकतर तुम्ही खूप कडक उतरताय किंवा स्पेसर पुरेसा सरकवला नाहीये, टप्पा २ परत बघा आणि तोपर्यंत पेग काढून ठेवा.

हेल्मेट आणि नडगीचे गार्ड पहिल्या दिवसापासून, धातूची पेडलं लावलीयत तर गार्ड जास्तच. जागा रस्ता नको, सोसायटीचं गेट नको, जिथे गाडी आणि लहान मुलं अचानक येणार नाहीत असं सिमेंटचं मोकळं मैदान बघा. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर पायऱ्या आणि कठडे शेवाळतात, कोरडे दिसले तरी हात फिरवून बघा. आणि पावसात भिजलेली सायकल घरी आणली की सीटपोस्ट काढून फ्रेम उलटी करा, सीटच्या नळीतून बीबीत साठलेलं पाणी ओतून टाका, रात्रभर तशीच ठेवा, सकाळी ग्रीस लावून पोस्ट खुणेपर्यंत परत घाला.